अकरा गाठींचा हवाला

कासमभाई,

तुम्ही शेवटी नेमकं काय म्हणालात, हे विचारायला आता उशीर झाला. खोलीत आम्ही पाच जण होतो. माघातली दुपार होती, खिडकीतून उन्हाचा पट्टा तुमच्या रजईवर पडला होता. श्वास इतका बारीक झाला होता की हलीमाभाभी सारख्या तुमच्या नाकाशी हात धरून बघत होत्या. मग तुमचे ओठ हलले. भाभींनी ऐकलं, "अल्ला के हवाले." त्यांनी डोळे मिटले, तुमच्या थोरल्याने कलमा म्हणायला सुरुवात केली, आणि संध्याकाळच्या आत सगळ्या मोहल्ल्यात झालं की कासमभाई अल्लाचं नाव घेत गेले. किती पाक मौत, असं लोक म्हणाले.

मी उशाशी होतो, सगळ्यांत जवळ. मला ऐकू आलं, "सुकलाल के हवाले."

पहिली दोन अक्षरं घशातच राहिली होती. 'लाल के हवाले' आणि 'अल्ला के हवाले', यांत फरक तो केवढा? भाभी, ते माझं नाव होतं, असं अशा वेळी कोण सांगेल? आणि माझं नाव का, याचा खुलासा तिथे उभं राहून कसा करणार होतो? माझ्या हवाली काय होतं हे दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यांतलं एक माझ्यासमोर थंड होत चाललं होतं.

तेव्हापासून कापसाच्या जिनात बसलो की मला तुमची चाहूल लागते. इंजिन सुरू होताना पट्टा दोनदा फटकारतो ना, त्यात मला तुमचं खाकरणं ऐकू येतं. मी मान वर करतो. तुमची गादी रिकामी असते, आणि तिच्यावर रुईचा पांढरा थर.

तुम्ही मला हाताखाली घेतलंत तेव्हा मी फायनल पास होऊन आलेला, शिंप्याचा पोरगा, अंगात भलता माज. नंदुरबारच्या स्टेशनाजवळच्या त्या जिनात कापसातून सरकी निघायची, रुईच्या गासड्या सुरतेच्या गाडीत चढायच्या, आणि त्या सगळ्याचा हिशेब तुमच्या चष्म्याखालून जायचा. तुमच्या धाकट्या नातवाला वाटायचं, दादा जिनाकडे, म्हणजे भुताकडेच कामाला आहेत. तुम्ही कधी त्याची समजूत काढली नाहीत. म्हणायचात, "बराबर शे पोरगानं. पगार बी भूतनागत येस. उना म्हने, पन दिसत नही."

मला वाटायचं, हिशेब म्हणजे पेटी. पैसा आला, जमा. गेला, खर्च. संध्याकाळी पेटी मोजली आणि श्रीशिल्लक जुळली की हात झटकून घरी. तुम्ही सुरतेला एका पारशीबाबांकडे दोन वर्षं काढून आलेले. तुम्ही म्हणालात, "पेटी खोटं बोलस नही, सुकलाल. पन अर्धंच बोलस." आणि मग त्या हवाल्यांच्या नोंदी शिकवायला घेतल्यात. पैसा हलत नाही, पेटीचं झाकणसुद्धा उघडत नाही, तरी ज्या नोंदी केल्याशिवाय साल बंद होत नाही, त्या. मला हसू यायचं. पैसा नाही आणि नोंद! मी म्हटलं, "हाई भूतनंच काम शे, कासमभाई." तुम्ही चिडला नाहीत. आगीच्या विम्याचा हप्ता दिवाळीत भरला तर त्यातला किती या सालाचा आणि किती पुढच्या सालाचा, हे मला आठ दिवस करायला लावलंत. इंजिनाचा घसारा का धरायचा, यावर आपलं खरंच भांडण झालं. मी म्हणे, झिजलं त्याचं बिल कोण देतं? तुम्ही म्हणालात, "इंजिन बिल देस नही, म्हणीसन काय झिजस नही?"

पण ते सगळं माझ्या डोक्यात शिरलं ते तुमच्यामुळे नाही. झुलीमुळे शिरलं. ते श्रेय तुम्हीच तिला द्यायचात.

झुली मोलगीकडची. पहाडातली तेवीस माणसं घेऊन ती दर हंगामाला खाली उतरायची. सगळ्यांची मजुरी तीच घ्यायची, वाटून तीच द्यायची. घरी पावरी बोलणारी, आमच्याशी मात्र बाजारात शिकलेली अहिराणी. तिच्या कमरेला एक सुतळी असायची. दिवस मावळला, काम सुटलं की ती त्या सुतळीला एक गाठ मारायची. बाजाराच्या दिवशी मजुरी हातात पडली की मुकादमासमोर एकेक गाठ सोडायची. आमच्या धंद्यात गाठ म्हटली की ती रुईची, म्हणजे गासडी, पण ही गाठ वेगळी. एके दिवशी तुम्ही मला हाताला धरून अंगणात आणलंत.

"देख. गाठ कव्हय मारस ती?"

"काम व्हयनं तव्हय," मी म्हणालो.

"आणि सोडस कव्हय?"

"पैसा भेटना तव्हय."

"बस. पारशीबाबानी माले दोन वरीस जे शिकाडं, ते ही बाई सुतळीवर करस. कमाई कामना दिनले, पैसा पैसाना दिनले. दोन्ही येगळा दिन शेतस, सुकलाल. त्या एक समजना का हिशेब बुडना."

त्यानंतर मला कधी शिकवावं लागलं नाही. म्हणून तर मी जे केलं ते अज्ञानातून केलं, असं म्हणायचीही सोय मला उरली नाही.

त्या वर्षी होळी मार्चअखेरीला चिकटून आली. जिनाचे शेठ सुरतेला गेले होते, एका बाजाराची मजुरी वाटायची राहिली, वर पुढचे चार दिवस चढले. होळीसाठी पहाडातली माणसं कुणाकरता थांबत नाहीत, पैशाकरता तर नाहीच. झुली सकाळी दारात आली, अकरा गाठींची सुतळी दाखवली, "होळीनंतर लेसू," म्हणाली आणि तेवीस माणसं तापीच्या वाटेला लागली. तुम्ही तेव्हा मुदतीच्या तापाने अंथरुणावर. मी घरी आलो तर उठून बसायचीही ताकद नव्हती, तरी तुम्ही चिठ्ठी लिहून ठेवली होतीत. मजुरी खाते नावे, देणे मजुरी खाते जमा, त्रेसष्ट रुपये चार आणे. चिठ्ठी माझ्या हातात देऊन वर माझी मूठ मिटलीत. "बाकीना हवाला मी मागून तपासू. हाऊ मात्र तुन्हा हवाली."

मी सगळे हवाले वहीत पाडले, कासमभाई. विमा पाडला, घसारा पाडला. शहाद्याच्या व्यापाऱ्याची सरकी काढून दिली होती आणि त्याचे पैसे यायचे होते, ते येणंसुद्धा धरलं. शेठ शेजारी उभे होते. येणं धरताना त्यांनी मान हलवली. तुमच्या चिठ्ठीवर आलो तेव्हा म्हणाले, "पैसा गयो छे? नथी गयो ने? तो खर्च शेनो?" म्हणजे पैसा गेलाच नाही तर खर्च कसला. गासड्या दाबायच्या नव्या प्रेसमध्ये पैसे घालायला सुरतेचा भागीदार आकडे बघून ठरवणार होता. नफा जितका दिसेल तितका हवा होता. मी म्हणालो, "येणं धरलं तर देणंही धरायला हवं, शेठ." हे मी म्हणालो, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो. त्यावर शेठ हसले. म्हणाले, मागायला येतील तेव्हा देऊ, कुठे पळून चाललो? आणि तुझ्या पगाराचंही बघायचंय या साली.

चिठ्ठी मी कोटाच्या खिशात घातली. पगार दोन रुपयांनी वाढला.

तुम्ही वैशाखात कामावर आलात. गाल बसलेले, टोपी कानांवर उतरलेली. गादीवर बसायच्या आधी, चष्मा पुसता पुसता विचारलंत, "हवाला पडना का रे, सुकलाल?"

मी म्हणालो, "पडना."

एक शब्द. त्यावर तुम्ही विश्वास ठेवलात, हे माझं अर्धं दुखणं. खतावणी उघडून बघायला तुम्हाला किती वेळ लागला असता?

मग मार्गशीर्षात, नवा हंगाम लागल्यावर, झुली आली. तुम्ही तुमच्या जागी, मी माझ्या, मध्ये दोन हातांचं अंतर. तिने सुतळी माझ्या मेजावर ठेवली. "भाऊ, ह्या गाठी सोडन्या शेतस. होळीपहिलेन्या."

शेठ त्या दिवशी इथेच होते, आतल्या खोलीत. मी वही उघडली. नसलेल्या नोंदीवर बोट फिरवण्याचं नाटक केलं. वरून खाली, पुन्हा वरून खाली. मग म्हणालो, "वहीमा नही."

ती वहीकडे बघत राहिली. एखाद्या माणसाकडे बघावं तशी. मग म्हणाली, "वही व्हती का तठे? आम्ही व्हतूत."

आणि गेली. सुतळी तिथेच टाकून गेली. तिची माणसं त्या वर्षी आमच्याकडे लागली नाहीत, गुजरातेकडे निघून गेली. तुमचा टाक मध्येच थांबलेला मी बघितला. थांबला, आणि पुन्हा चालू लागला. संध्याकाळी जोडे घालताना तुम्ही एवढंच म्हणालात, "वहीमा नही म्हणीसन घडनं नही, असं नही." माझ्याकडे न बघता. त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही. सुतळी मेजावरून कधी नाहीशी झाली, मला कळलं नाही.

मला वाटलं होतं, आता तुम्ही बोलणं टाकाल. तसं केलं असतंत तर मी तुमचा रागराग करून मोकळा झालो असतो. माझी बायको बाळंतपणात मरणाच्या दारात होती तेव्हा सव्वा महिना माझ्या वह्या तुम्ही लिहिल्यात, माझ्या अक्षराला अक्षर जुळवून, शेठला कळू न देता. ईदेला शीरखुर्म्याचा डबा आला तो माझ्या वाट्याचे चारोळी-बदाम मोजून जास्त घातलेला. आणि दर मार्चअखेरीला, माझ्या टेबलाशी येऊन, तोच प्रश्न. "हवाला पडना का रे?" सगळ्या हवाल्यांबद्दल विचारताय असं दाखवून. मी म्हणायचो, "पडना." तुम्ही मान हलवून जायचात. कासमभाई, तुम्ही फार चांगले होतात, आणि फार निर्दयही होतात. आज तुमच्यासमोर हे म्हणायची हिंमत झाली आहे, कारण तुम्ही समोर नाही.

तुम्ही मुनीम होतात. टाक तुमच्या हातात होता. एक ओळ लिहायला तुम्हाला कोण अडवत होतं? शेठ? शेठला तुम्ही घसाऱ्यावरून भर बाजारात गप्प केलेलं मी पाहिलं आहे. मग माझ्या एका धड्यासाठी तेवीस माणसांना ताटकळत ठेवलंत? हा वाद आपला झाला नाही. मी मनात शंभर वेळा घातला, आणि दर वेळी तुमच्या बाजूने मीच उत्तर दिलं. ती ओळ तुम्ही लिहिली असती तर आधीचं साल खोटं ठरलं असतं. खोटं कुणी केलं, हे सांगावं लागलं असतं. शेठने स्वतःचं नाव थोडंच पुढे केलं असतं? माझी नोकरी गेली असती. तुम्ही मला वाचवलंत, एवढंच त्यातून निघतं. हे मला पटतं, आणि राग तरीही जात नाही.

तुमचा चाळिसावा झाला आणि शेठनी मला तुमच्या गादीवर बसवलं. सालअखेर तोंडावर आली होती. मी तुमची खतावणी उघडली. मजुरी खात्याचं पान उलटलं, आणि पुढच्या पानावर तुमच्या ठसठशीत अक्षरात मथळा होता: देणे मजुरी. खाली रेघा आखलेल्या. पहिल्या ओळीत, 'मागील बाकी पुढे ओढली.' आणि रकमेचा रकाना रिकामा.

पानात ती सुतळी होती. चेपून चपटी झालेली. अकरा गाठी.

मी फडताळातून गेल्या सालाची वही काढली. तिथेही तेच पान. तोच मथळा, तीच ओळ, रकाना कोरा. त्याच्या आधीच्या सालातही. तीन वह्या मी मांडीवर घेऊन बसलो. एका पैचा फरक निघाला तर दोन दिवस जेवणाची शुद्ध नसणारे तुम्ही, आणि तुम्ही तीन वर्षं एक कोरी बाकी पुढे ओढत होतात. माझ्या हातासाठी जागा सोडून. दर साली तुम्ही ते पान आखलं असेल, मग उठून माझ्या टेबलाशी आला असाल, विचारलं असेल, मी खोटं बोललो असेन, आणि तुम्ही परत जाऊन ती कोरी ओळ लिहिली असेल. मला रडू आलं. बाहेर मुकादम होता, म्हणून मी वही तोंडासमोर धरली.

मग मी हिशेब केला, तुम्ही शिकवलात तसा. दोन रुपये वाढ, पस्तीस महिने: सत्तर. देणं त्रेसष्ट रुपये चार आणे. उरले पावणेसात. ते मोलगीच्या वाटखर्चाला.

शेठना मी विचारलं, रीत म्हणून. ते म्हणाले, जुन्या सालाचा खर्च या सालात कसा घालतोस? तीन वर्षांत त्यांना हिशेब कळू लागला होता. मी म्हणालो, "मजुरी खात्यावर नको. माझ्या नावे टाकतो." ते उठून बाहेर निघून गेले. घरी बायकोला सांगितलं की मागच्या भिंतीचं काम या वर्षी नाही. का, म्हणून तिने विचारलं. मी म्हणालो, कासमभाईंचं काम आहे. सव्वा महिना तिलाही आठवत होता.

तळोद्यापर्यंत बैलगाडी, पुढे पायी. मोलगीला होळीआधीचा भोंगऱ्या बाजार भरला होता. ढोल इतके वाजत होते की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्या गर्दीत मी एका बाईला शोधत होतो आणि माझ्या पाठीमागून कुणीतरी चालतंय, तुमच्या जोड्यांच्या करकरीसारखं, असं मला सारखं वाटत होतं. दोनदा वळून बघितलं. कुणी नव्हतं.

झुली गुळाच्या दुकानाशी बसली होती. केस पिकलेत आता. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि सुतळी पुढे केली. बोलायला जे जे घोकून आलो होतो ते सगळं विसरलो. तिने सुतळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. दचकली नाही. रागावली नाही. म्हणाली, "उना का?"

आलास का. जणू मी काल निरोप धाडला होता.

मी म्हटलं, तुला कसं ठाऊक? ती म्हणाली, "तो चष्मावाला म्हातारा उना व्हता. दोन होळ्या व्हई गयात. आठेच उभा ऱ्हायना. बोलना, पैसा मी देत नही. लिव्हनारा येई. वाट दखजा."

लिहिणारा येईल. वाट बघा.

साठीचा, तापाने पोखरलेला माणूस, तापी ओलांडून घाट चढून तुम्ही इथे आला होतात. खिशात पैसे असतीलच. ते दिले नाहीत. माझ्यातर्फे वचन देऊन गेलात, आणि मला सांगितलंही नाहीत.

पैसे तिने मोजून घेतले. तेवीसपैकी दोघं आता नाहीत, त्यांचं त्यांच्या घरी पोचवीन म्हणाली. मग तुमचं विचारलं. मी सांगितलं. तिने गाठी सोडायला घेतल्या. तीन वर्षांत त्या दगड झाल्या होत्या. नखाने सुटेनात, मग दाताने. अकराही सोडल्या, आणि सुतळी मला परत दिली.

ती आज माझ्यासमोर आहे. गाठी सुटल्या, पण जिथे जिथे होत्या तिथे सुतळी अजून वाकडीच आहे. ओढून धरली तरी सरळ होत नाही.

हलीमाभाभींना मी काही सांगणार नाही. तुम्ही अल्लाचंच नाव घेतलं असेल, कोण जाणे. एवढी एक बाकी माझ्याकडे कोरीच राहील.

आज मार्चअखेर आहे, कासमभाई. मी तुमचं पान उघडलं आणि कोऱ्या रकान्यात माझ्या हाताने रक्कम भरली. सुकलाल खाते नावे, देणे मजुरी खाते जमा, त्रेसष्ट रुपये चार आणे. त्याखाली ती रक्कम चुकती झाल्याची नोंद केली. मग टाक ठेवला आणि नेहमीसारखी मान वर करून तुमच्या येण्याची वाट बघत बसलो. इंजिन बंद झालं, मुकादमाने कुलूप मागितलं, तरी बसून राहिलो. तीन वर्षं तुम्ही विचारत होतात आणि मी खोटं बोलत होतो. आज खरं उत्तर तयार आहे, आणि तुम्ही विचारत नाही.